क्रेनचे प्रमाणपत्र आणि क्रेन चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र

काही वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन एका बहुमजली इमारतीच्या बांधकामावर गेलो होतो. साइटवर एक टॉवर क्रेन होती आणि खाली एक हायड्रा सळया हलवत होती. सेफ्टी ऑफिसरने अभिमानाने फाइल उघडून दाखवली. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये दोन्ही क्रेनची चाचणी प्रमाणपत्रे होती: क्रमांक, तारीख, सुरक्षित भार, तपासणाऱ्याची सही, शिक्का. एका विद्यार्थिनीने विचारले, "आणि ऑपरेटरचं?" साहेबांनी फाइलची शेवटची पाने उलटली. हायड्रा चालवणाऱ्याच्या जड वाहन परवान्याची झेरॉक्स निघाली. टॉवर क्रेनच्या चालकाच्या नावावर फक्त आधार कार्ड होते.

परतीच्या बसमध्ये तिने विचारले, "सर, हे चालतं का?" हा पाठ त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही, म्हणून पाठ थोडा लांबला आहे.

नियम कोठे आहेत

बांधकामावरील क्रेनसाठी आपल्याकडचा मुख्य आधार अनेक वर्षे इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९६ आणि त्याखालचे १९९८ चे केंद्रीय नियम हा होता. केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांना हे केंद्रीय नियम लागू पडतात. बाकीच्यांसाठी प्रत्येक राज्याने आपापले नियम केले, उदाहरणार्थ महाराष्ट्राचे २००७ चे. मजकूर बराचसा सारखा असतो, नियमांचे क्रमांक बदलतात. कारखान्याच्या आतील क्रेनसाठी कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम २९ होते. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हे दोन्ही कायदे, आणखी अकरा कायद्यांसह, एकत्र केले आहेत. त्यामुळे साइटवर काम करताना त्या दिवशी आणि त्या राज्यात कोणता नियम लागू आहे, हे पाहून घ्या. या पाठातील भारतीय आकडे १९९८ च्या केंद्रीय नियमांतील आहेत, कारण विचारपद्धती समजून घ्यायला तेच सर्वांत सोयीचे आहेत.

या नियमांत दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. क्रेन, विंच, हॉइस्ट ही उचलणारी यंत्रे. हूक, शॅकल, साखळी, स्लिंग हे यंत्र आणि ओझे यांना जोडणारे साहित्य. दोन्हींची चाचणी वेगळी आणि नोंद वेगळी. क्रेनचे प्रमाणपत्र दाखवले म्हणजे तिच्या हुकाखाली लटकणाऱ्या बेल्टचे प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. साइटवर ही चूक फार होते. क्रेन भाड्याने येते, कागद घेऊन येते; बेल्ट स्टोअरमधून येतो आणि तो कोणी, कधी आणला हे कुणालाच आठवत नाही.

क्रेनची चाचणी: आकड्यांचा भाग

उचलणाऱ्या यंत्राची भारचाचणी केव्हा करायची? पहिल्यांदा वापरात आणण्याआधी; ताकदीवर किंवा स्थिरतेवर परिणाम होईल असा बदल अथवा दुरुस्ती झाल्यावर; आणि काहीच झाले नाही तरी पाच वर्षांतून किमान एकदा. याशिवाय बारा महिन्यांतून किमान एकदा संपूर्ण तपासणी. चाचणी आणि तपासणी यांतला फरक लक्षात ठेवा. चाचणीत ठरलेल्यापेक्षा जास्त भार प्रत्यक्ष उचलतात. तपासणीत जोड, वेल्ड, पिना, ब्रेक, दोर डोळ्यांनी बघतात आणि गरज पडेल तेथे भाग उघडून पाहतात.

किती जास्त भार उचलायचा? सुरक्षित भार २० टनांपर्यंत असेल तर २५ टक्के अधिक. २० ते ५० टनांमध्ये सरसकट ५ टन अधिक. ५० टनांच्या वर १० टक्के अधिक. म्हणजे ८ टनांची क्रेन १० टनांनी, ३२ टनांची ३७ टनांनी आणि ८० टनांची ८८ टनांनी तपासायची.

विद्यार्थी हे तीन वेगळे नियम म्हणून पाठ करतात आणि परीक्षेत गोंधळतात. त्याऐवजी आडव्या अक्षावर सुरक्षित भार आणि उभ्या अक्षावर चाचणी भार घेऊन आलेख काढून पाहा. २० टनांवर पहिल्या नियमाने २५ येतात, दुसऱ्यानेही २५. ५० टनांवर दुसऱ्याने ५५, तिसऱ्यानेही ५५. रेषा कोठेही तुटत नाही, फक्त तिचा चढ बदलतो. छोट्या क्रेनवर भाराचा अंदाज चुकण्याचे प्रमाण भाराच्या तुलनेत मोठे असते. तीन टनांच्या सळयांच्या गठ्ठ्यात अर्धा टन इकडेतिकडे सहज होतो. दोनशे टनांचा गर्डर मात्र आधी हिशेब करूनच उचलतात. टक्केवारी उतरत का जाते, याचे मला पटणारे स्पष्टीकरण हे आहे.

आता एक बारकावा. जिची त्रिज्या बदलते, म्हणजे बूम वरखाली होते, त्या क्रेनला एकच सुरक्षित भार नसतो. '१४ टनांची हायड्रा' म्हणजे सर्वांत आखूड बूमवर, अगदी जवळच्या त्रिज्येवर १४ टन. बूम लांबवली, ओझे पुढे गेले की तीच क्रेन त्याच्या लहानशा भागापुरतीच उरते. म्हणून बदलत्या त्रिज्येची चाचणी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अशा दोन्ही त्रिज्यांवर घ्यावी लागते. जवळच्या त्रिज्येवर मुख्यतः बूम, दोर आणि हूक यांच्या ताकदीची परीक्षा होते. लांबच्या त्रिज्येवर क्रेन उलटण्याविरुद्धच्या स्थिरतेची होते. एकाच त्रिज्येवरील चाचणीचा कागद हातात आला तर अर्धीच परीक्षा झाली आहे, असे समजा.

भारचाचणी हा कागद मिळवण्याचा समारंभ नाही, हे विशाखापट्टणमने दाखवून दिले. १ ऑगस्ट २०२० रोजी तेथील हिंदुस्थान शिपयार्डमध्ये ७० टनी क्रेन भारचाचणीच्या वेळीच कोसळली आणि ११ जणांचा मृत्यू झाला. ही क्रेन जहाजबांधणीची होती, इमारतीची नव्हे. पण धडा तोच आहे. चाचणीच्या क्षणी आपण मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त भार घालत असतो, तोही ज्या यंत्राबद्दल अजून खात्री झालेली नाही त्याच्यावर. त्या वेळी क्रेनवर आणि तिच्या पडण्याच्या आवाक्यात कमीत कमी माणसे असली पाहिजेत. कुतूहलाने गर्दी जमते ती नेमकी याच दिवशी.

'दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी' हे कलम का आहे, ते न्यूयॉर्कच्या उदाहरणावरून कळते. ३० मे २००८ रोजी मॅनहॅटनमधील पूर्व ९१ व्या रस्त्यावर टॉवर क्रेनचा वरचा फिरता भाग खाली आला आणि दोघे गेले. ज्या फिरत्या बेअरिंगवर तो सगळा भाग बसतो, त्याची आधी वेल्डिंगने दुरुस्ती झालेली होती आणि ते वेल्डच सदोष निघाले. बाहेरून रंग दिलेला असला की चांगले आणि वाईट वेल्ड सारखेच दिसते.

टॉवर क्रेनबाबत माझे स्वतःचे मत सांगतो. एका साइटवरून सोडवून दुसरीकडे उभी केलेली क्रेन ही जवळजवळ नवी क्रेन असते. पाया नवा, बोल्ट पुन्हा आवळलेले, इमारतीला बांधणारे टाय नवे. जुन्या साइटवरचे प्रमाणपत्र 'अजून मुदतीत आहे' म्हणून पुढे केले तर ते या पायाबद्दल काहीच सांगत नाही. येथे कायद्याच्या शब्दांवर वाद घालत बसू नये, चाचणी पुन्हा मागावी.

'सक्षम व्यक्ती' कोण?

ही चाचणी आणि वार्षिक तपासणी 'सक्षम व्यक्ती'ने करायची असते. येथे एक सापळा आहे. ग्रंथालयात मिळणारी सुरक्षेची पुस्तके बहुतेक अमेरिकन असतात आणि त्यांतही 'कॉम्पिटंट पर्सन' हाच शब्द असतो, पण अर्थ वेगळा.

आपल्या नियमांत सक्षम व्यक्ती म्हणजे चाचणी संस्थेतील, शासनाने मान्यता दिलेली, चाचणी करून प्रमाणपत्र देण्याइतकी पात्रता आणि अनुभव असलेली व्यक्ती. ती बाहेरून येते, तपासते, सही करते आणि जाते. अमेरिकन नियमांत याच नावाची व्यक्ती साइटवरचीच असते: धोका ओळखू शकणारी आणि तो लगेच दूर करण्याचा अधिकार मालकाने दिलेली. तिथे ही व्यक्ती प्रत्येक पाळीला क्रेन बघते, महिन्याची नोंद ठेवते. वार्षिक तपासणी 'क्वालिफाइड पर्सन' करते. आपला सक्षम माणूस वर्षातून एकदा भेटतो, त्यांचा रोज. परीक्षेत व्याख्या लिहिताना कोणत्या देशाची लिहिताय ते नमूद करा.

मग आपल्याकडे उरलेले ३६४ दिवस कोणाचे? नियमांत त्यासाठी 'जबाबदार व्यक्ती' आहे, म्हणजे मालकाने नेमलेला साइटवरचा माणूस. वायर रोप तीन महिन्यांतून किमान एकदा त्याने पाहायचा. एखादी जरी तार तुटलेली दिसली, तर तेव्हापासून दर महिन्याला. आणि दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारांची संख्या एकूण तारांच्या १० टक्क्यांहून जास्त झाली की दोर बाद.

हे आकड्यांत पाहू. २० मिलिमीटर व्यासाचा, ६ पदरांचा, प्रत्येक पदरात ३६ तारांचा दोर घ्या. एकूण तारा २१६. त्यांचे १० टक्के २१.६. पाहायची लांबी ८ गुणिले २०, म्हणजे १६० मिलिमीटर, साधारण वीतभरापेक्षा थोडी कमी. तेवढ्यात २२ तुटक्या तारा दिसल्या की दोर उतरवायचा. संख्या भरली नसली तरी गंज, चपटेपणा किंवा जास्त झीज दिसली तरीही उतरवायचा. जुने खलाशी सुती चिंधी दोरावरून फिरवतात; तार तुटलेली असेल तेथे चिंधी अडकते. उघडे बोट फिरवू नका.

भारदर्शक

त्रिज्येप्रमाणे सुरक्षित भार बदलणाऱ्या प्रत्येक क्रेनला स्वयंचलित भारदर्शक हवा: मर्यादा ओलांडली की चालकाला इशारा देणारा, आणि शक्य तेथे क्रेनची हालचालच थांबवणारा. साइटवर याला एसएलआय म्हणतात. या यंत्राला बगल देण्याची किल्ली असते. क्रेन जुळवताना किंवा बिघाडात तिची गरज पडते. ही किल्ली कोणाच्या खिशात आहे, हा प्रश्न मी प्रत्येक साइटवर विचारतो. ती क्रेनच्या केबिनमध्येच लटकलेली असेल, तर तिथे भारदर्शक आहे असे मी धरत नाही.

चालक: शब्दांचा भाग

आतापर्यंत जवळजवळ सगळे आकड्यांत होते. आता केंद्रीय नियम चालकाबद्दल काय म्हणतात ते पाहा. उचलणारे यंत्र चालवणारा किंवा त्याला इशारे देणारा माणूस अठरा वर्षांवरील असावा. पुरेसा सक्षम आणि भरवशाचा असावा. या कामातील अंगभूत धोक्यांची त्याला जाण असावी. आणि त्याची ठरलेल्या मुदतीत वैद्यकीय तपासणी झालेली असावी. टॉवर क्रेनच्या चालकाला शिवाय उंचीवर काम करण्याचे प्रशिक्षण हवे.

चार अटींपैकी दोन मोजता येतात. वय मोजता येते. वैद्यकीय तपासणीची मुदतही ठरलेली आहे: कामावर घेण्याआधी, प्रकृतीवर परिणाम करणाऱ्या आजारानंतर वा इजेनंतर, चाळीस वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी. मराठीत जवळचे वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात ते उगाच नाही. माझाही नंबर याच वयात लागला.

उरलेल्या दोन अटी विशेषणांच्या आहेत. 'पुरेसा सक्षम' म्हणजे किती? कोणती परीक्षा, किती तास, कोणत्या यंत्रावर? नियम काहीच सांगत नाही. दोरातील तुटक्या तारांची मर्यादा टक्क्यांत देणारा हाच नियमसंग्रह माणसाच्या कौशल्यापाशी येऊन मोघम होतो. बसमधल्या प्रश्नाची मेख येथे आहे.

जड वाहन परवाना असेल तर क्रेन सार्वजनिक रस्त्यावरून नेता येते. तो परवाना देताना आरटीओने त्या माणसाला ओझे उचलायला लावलेले नसते, लोड चार्ट वाचायला दिलेला नसतो. हायड्रासारख्या क्रेनमध्ये ओझे समोर झुलत असताना चालकाला त्याच्या पलीकडचे नीट दिसत नाही. ओझे धरून दोघेजण पुढे चालत असतात. वळताना क्रेनचा पुढचा भाग कंबरेत मोडतो आणि स्थिरता कमी होते. यातले काहीही वाहन परवान्याच्या परीक्षेत नसते.

म्हणून माझे उत्तर असे होते: केंद्रीय नियमांनी चालकासाठी विशिष्ट परवान्याचा कागद मागितलेला नाही, म्हणून तो नसणे एवढ्यावरून नियमभंग ठरत नाही. पण चालक 'पुरेसा सक्षम' आहे हे पाहण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि वाहन परवाना किंवा आधार कार्ड त्याचा पुरावा नाही. वैद्यकीय तपासणीचा कागद तर कायद्यानेच मागितला आहे, आणि तो त्या फाइलमध्ये नव्हता. पायाभूत उपकरण क्षेत्राची कौशल्य परिषद क्रेनचालकांचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र देते. बरेच मोठे कंत्राटदार ते किंवा तत्सम प्रमाणपत्र मागतात, पण कंत्राटाची अट म्हणून.

अमेरिकेने विशेषणाचे काय केले

हाच प्रश्न अमेरिकेत फार तपशिलाने लढवला गेला, म्हणून तो पाहण्यासारखा आहे. बांधकाम क्रेनचे तिथले जुने नियम १९७१ चे होते. ते बदलण्यासाठी २००३ मध्ये मालक, कामगार संघटना, निर्माते यांची समिती बसली. २००४ मध्ये तिने सहमतीने मसुदा दिला. अंतिम नियम ऑगस्ट २०१० मध्ये आला. मधल्या काळात न्यूयॉर्कमध्ये १५ मार्च २००८ रोजी टॉवर क्रेनची उंची वाढवताना वजनदार कॉलर धरणारे पॉलिस्टरचे पट्टे तुटले, कॉलर खाली घसरत गेली आणि क्रेन कोसळून सात जण मेले. वापरलेल्या पट्ट्यांपैकी एक आधीच झिजलेला होता. वर म्हटले तसे, क्रेन वेगळी आणि तिच्याखालचा बेल्ट वेगळा.

२०१० च्या नियमाने सांगितले की चालकाने मान्यताप्राप्त संस्थेची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची. प्रमाणपत्र पाच वर्षे टिकेल. यासाठी मालकांना २०१४ पर्यंत मुदत होती. ती २०१७ झाली, मग २०१८. अडले कशावर? एक म्हणजे प्रमाणपत्र क्रेनच्या प्रकारावर असावे की प्रकार आणि क्षमता दोन्हींवर. नियमात दोन्ही लिहिले होते, काही संस्था मात्र फक्त प्रकारावर देत होत्या. दुसरा मुद्दा जास्त खोल होता: प्रमाणपत्र मिळाले म्हणजे माणूस काम करायला योग्य झाला का?

क्षेत्रातील बऱ्याच अनुभवी लोकांचे म्हणणे होते की नाही. परीक्षा पास होणे वेगळे आणि एखाद्या यंत्रावर हात बसणे वेगळे. चाळीस टनी क्रेनवर परीक्षा दिलेल्या माणसाला उद्या तीनशे टनी, लांब जिब लावलेल्या क्रेनवर बसवले तर कागद वैध असतो, पण तो माणूस तिथे नवखा असतो.

नोव्हेंबर २०१८ च्या सुधारित नियमाने दोन्ही बाजू ठेवल्या. प्रमाणपत्र प्रकारावर किंवा प्रकार व क्षमतेवर, दोन्ही चालतील. पण प्रमाणपत्र हा फक्त मधला टप्पा. आधी प्रशिक्षण, मग प्रमाणपत्र, आणि त्यानंतर मालकाने स्वतः त्या माणसाचे त्या यंत्रावर मूल्यमापन करायचे आणि लिहून ठेवायचे: चालकाचे नाव, मूल्यमापन करणाऱ्याचे नाव व सही, तारीख, क्रेनची बनावट, मॉडेल आणि जुळणी. प्रमाणपत्राची अट १० डिसेंबर २०१८ पासून लागू झाली, मूल्यमापनाची नोंद ७ फेब्रुवारी २०१९ पासून.

आता आपला नियम पुन्हा वाचा. 'पुरेसा सक्षम' हे शब्द म्हणजे तिथल्या तिसऱ्या टप्प्याचीच अपेक्षा आहे, फक्त पहिले दोन टप्पे आणि लेखी नोंद यांशिवाय. आपण निकाल मागितला, पण परीक्षा घेतली नाही आणि गुणपत्रिका ठेवली नाही. राष्ट्रीय पातळीवर बंधनकारक परीक्षा यावी असे मला वाटते. पण ती येईपर्यंत तिसरा टप्पा कोणीही अडवलेला नाही. एका पानाचा तक्ता पुरतो. चालकाला केबिनमध्ये बसवून विचारा: या बूम लांबीवर, १२ मीटर त्रिज्येवर किती उचलाल? चार्टमध्ये बोट ठेवून दाखवा. या आकड्यातून हूक ब्लॉकचे आणि स्लिंगचे वजन वजा करायचे का? (बहुतेक चार्टमध्ये करायचे असते, येथेच बरेच जण चुकतात.) आउटरिगर अर्धे उघडले तर कोणता चार्ट? भारदर्शकाचा भोंगा वाजला तर पहिली हालचाल कोणती? मग रिकाम्या हुकाने आणि नंतर हलक्या ओझ्याने त्याला काम करताना पाहा. खाली सही करणारा बहुधा साइट इंजिनिअर असेल, आणि दोन-तीन वर्षांत ती जागा तुमची असेल.

स्वाध्याय

१. एका क्रेनचा सुरक्षित भार सर्वांत लहान त्रिज्येवर ६० टन आणि सर्वांत मोठ्या त्रिज्येवर ६ टन आहे. दोन्ही ठिकाणचे चाचणी भार काढा. दोन्ही चाचण्यांना वेगळा टक्का का लागला?

२. लोड चार्टप्रमाणे १६ मीटरवर ५.२ टन चालतात. हूक ब्लॉक ०.४ टन, स्प्रेडर बीम व स्लिंग ०.६ टन. ४.५ टनांचे शटरिंग उचलता येईल का? ऑपरेटर म्हणतो, "काल उचललं होतं." तुम्ही काय कराल, ते तीन ओळींत लिहा.

३. जवळच्या एखाद्या बांधकामावर परवानगी घेऊन क्रेनची फाइल पाहा. क्रेन, स्लिंग, चालक आणि इशारे देणारा या चौघांपैकी कोणाकोणाचा कागद मिळतो आणि तो कागद नेमके काय सिद्ध करतो, हे लिहून आणा. कंपनीचे नाव लिहू नये.